'अनैतिक' कोणाला म्हणायचं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात दिलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'भाषा आणि नैतिकता' असा भारदस्त विषय छापला आहे. तेवढं मोठं काही मी बोलणार नाही. मी एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे, 'अनैतिक' या शब्दाबद्दल. आपल्यापैकी ज्या सल्ला केंद्रात बसतात, बाईबरोबर पोलीस ठाण्यात जातात, कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसच्या दिवस काढतात, त्यांच्या कानावर हा शब्द आठवड्यातून दोनदा तरी पडतो. तो इतका अंगवळणी पडला आहे की तो ऐकून आपण थांबत नाही. आज जरा थांबू या.

सुरुवात वर्तमानपत्रापासून करते. आतल्या पानावर, जिल्ह्याच्या बातम्यांत, एक मथळा आपण सगळ्यांनी कितीदा तरी वाचला आहे: 'अनैतिक संबंधाच्या संशयावरून पत्नीचा खून'. गावाचं नाव बदलतं, हत्यार बदलतं, मथळा बदलत नाही. शब्द पाचच आहेत, पण नीट वाचा. या बातमीत माणसं दोन आहेत. एक मेली आहे आणि एकाने तिला मारलं आहे. मारणारा मथळ्यात कुठेच नाही. 'खून' झाला आहे, जसा पाऊस होतो, अपघात होतो. आणि 'अनैतिक' हे विशेषण कोणाला लागलं? मेलेल्या बाईच्या संबंधाला. तो संबंध होता की नव्हता हेही माहीत नाही, नुसता संशय आहे. म्हणजे जे घडलं की नाही ते ठाऊक नाही, ते अनैतिक; आणि जे नक्की घडलं, रक्तामांसाच्या बाईचा गळा कापला गेला, त्याला काही विशेषण नाही. तो आपला खून.

बातमीदार दुष्ट असतो असं मी म्हणत नाही. पोलीस ठाण्यातून मिळालेली ओळ तो उतरवून घेतो, ठाण्यातला हवालदार फिर्यादीतली ओळ उतरवतो आणि फिर्यादीत ती ओळ येते ती गल्लीतल्या बोलण्यातून. असा तो शब्द हातोहात प्रवास करतो. पण या साखळीत कोणालाच असं का वाटत नाही की 'अनैतिक' हा शब्द वाक्यात थोडा पुढे सरकवावा?

याचा जुळा भाऊ म्हणजे 'चारित्र्याच्या संशयावरून'. चारित्र्य हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो आणि कोणता अर्थ घ्यायचा ते माणूस बाई आहे की पुरुष यावर ठरतं. एखादा पुढारी चारित्र्यवान आहे म्हटलं की आपण समजतो, हा पैसे खात नाही, दिलेला शब्द पाळतो. एखादी बाई चारित्र्यवान आहे म्हटलं की तिने पैसे खाल्ले की नाही हे कोणाच्या मनातही येत नाही. अब्रूचंही तेच. पुरुषाची अब्रू गेली की तो अब्रूनुकसानीचा दावा लावतो. ती बाजारातली पत असते. बाईची अब्रू 'लुटली' जाते. ती तिच्या शरीरात ठेवलेली असते, आणि एकदा गेली की दावा लावून परत मिळत नाही.

आता पुरुषांसाठीचे शब्द आठवून बघा. बायको सोडून इकडेतिकडे जाणारा पुरुष हा बाहेरख्याली असतो, रंगेल असतो, शौकीन असतो, छंदीफंदी असतो. फार झालं तर 'त्याचा पाय घसरला'. हे शब्द तोंडात घोळवून पाहा, त्यात थोडी गंमत आहे, थोडं कौतुक आहे. ख्याली, छंद, शौक, सगळे हौसेचे शब्द! बाईसाठीचे शब्द मी इथे म्हणून दाखवत नाही, तुम्हाला ते पाठ आहेत. एवढंच सांगते की त्यातला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत घाणेरडा शब्द मुळात 'विधवा' या अर्थाचा आहे. नवरा मेला हाच तिचा गुन्हा. आणि 'भवानी', 'सटवी' या तर आपल्या देवता. ज्यांच्या पायाशी बाळाला घालायचं त्यांचीच नावं शिवी म्हणून वापरायची, ही कला आपल्या समाजाला चांगली साधली आहे.

'नीती' हा शब्द मात्र पहिल्यापासून इतका अरुंद नव्हता. मूळ धातू 'नी', म्हणजे नेणं. नीती म्हणजे कसं न्यावं, कसं चालावं, कसं चालवावं. म्हणून राजनीती, युद्धनीती, दंडनीती. आणि अनीती म्हणजे वाईट वागणं, अन्यायाने वागणं, राज्य वाईट चालवणं. जोतीराव फुल्यांच्या 1883 सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'च्या सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध ओळी आपण सभांमधून म्हणतो. त्यांत नीती हा शब्द आहे. पण बाई कोणाबरोबर राहते, कोणाबरोबर बोलते, याच्याशी तिथे त्याचा काडीचा संबंध नाही. विद्या हिरावून घेतली की माणसाची कशी नासाडी होत जाते, त्या साखळीतली ती एक कडी आहे. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच परंपरेत या शब्दाला मोठं अंगण होतं. पुढे ते आकसत आकसत बाईच्या खोलीच्या दारापर्यंत आलं.

अर्थात आकसण्याची सुरुवात तेव्हाही झालेली होतीच. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपलं अनौरस मूल मारल्याबद्दल खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीचा जो पंचनामा सुरू झाला, त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिलं. ताराबाईंचं पुस्तक तुम्ही वाचलं नसेल तर जरूर वाचा, ते पातळसं आहे, एका बैठकीत होतं. त्यांची युक्ती साधी होती. बायकांवर जे जे दोष लादले जातात त्यांची एकेक यादी घ्यायची आणि विचारायचं, हे पुरुषात नाहीत का? तिथे त्यांनी नीतीला नकार दिला नाही. मोजायचं माप एकच असू द्या, एवढंच म्हणाल्या. मला वाटतं, आज आपल्याला ताराबाईंच्या पुढे एक पाऊल जायचं आहे. माप एक करायचं हे तर खरंच, पण मोजायचं काय हेही आपणच ठरवायचं.

आता कायद्याकडे येऊ. मथळा वाचून आपण पान उलटू शकतो. कायद्यातला शब्द मात्र बाईच्या ताटातली भाकरी काढून घेतो.

इंग्रजांनी 1872 साली जो पुरावा कायदा केला, त्यात कलम 155 चं चौथं पोटकलम होतं. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई 'सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची' होती असं दाखवून तिच्या साक्षीची विश्वासार्हता खोडून काढता येईल, असं ते सांगत होतं. किती सोयीचं! चोरीच्या खटल्यात ज्याचं घर फुटलं त्याने पूर्वी कोणाकोणाला दान दिलं होतं हे कोणी विचारत नाही. पण इथे विचारायचं. आणि हे पोटकलम पुस्तकात राहिलं 2002 सालच्या दुरुस्तीपर्यंत. एकशेतीस वर्षं. त्यातली पंचावन्न वर्षं आपल्या स्वतःच्या राज्यातली.

मथुरा प्रकरण तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तरी तरुण मुलींसाठी थोडक्यात सांगते. 1972 च्या मार्चमध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, मजुरी करणाऱ्या एका आदिवासी मुलीवर ठाण्यातल्याच पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. मुलीला शरीरसंबंधाची आधीपासून सवय होती, तेव्हा तिची संमती असणार, असा एकूण तर्क. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मग 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, 1983 मध्ये कायदा बदलला. हे सगळं आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवं. पण आज मला त्या तर्काकडे बोट दाखवायचं आहे. वर्दीतला माणूस रात्री आपल्या ताब्यातल्या मुलीवर हात टाकतो आणि न्यायालयात नीतीची तपासणी होते ती मुलीची!

याच्या उलट टोकाचंही एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. एक पोलीस निरीक्षक रात्री एका बाईच्या झोपडीत गेला आणि तिच्याकडे शरीराची मागणी केली. तिने आरडाओरडा केला. खात्याने त्याला नोकरीतून काढलं. पण उच्च न्यायालयाचं म्हणणं पडलं की बाई 'तसली' आहे, तिच्या शब्दावर एका सरकारी अधिकाऱ्याची नोकरी पणाला लावणं बरोबर नाही. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवलं. बाईचं पूर्वायुष्य कसंही असो, तिच्या झोपडीचं दार तिचं आहे, कोणालाही वाटेल तेव्हा आत शिरता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. हा निकाल आपल्या केंद्रांच्या फायलीत असायला हवा. वकिलांना दाखवायला उपयोगी पडतो.

2002 ला ते पोटकलम गेलं, 2013 च्या दुरुस्तीने बाईचं चारित्र्य आणि तिचे आधीचे संबंध हे संमतीच्या प्रश्नात गैरलागू ठरले, आणि 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद टिकली आहे. 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये चुकीची ठरवली आणि 2022 मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल जबाबदार धरायला सांगितलं. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने एक पुस्तिका काढून, निकालपत्रात बायकांबद्दल कोणते शब्द वापरू नयेत हेही लिहून काढलं. हे सगळं चांगलं झालं. पण उलटतपासणी प्रत्यक्ष ऐकलेल्या बायका इथे बसल्या आहेत. शब्द कायद्यातून गेला, वकिलाच्या आवाजातून गेला का? 'त्या रात्री तुम्ही कोणते कपडे घातले होते' या प्रश्नात 'अनैतिक' हा शब्द नाही, पण तो तिथे नाही असं कोण म्हणेल?

आणि पोटगी. बलात्काराचे खटले आपल्याकडे येतात त्याच्या कितीतरी पट पोटगीचे येतात. जुनं कलम 125, आता नव्या संहितेत 144. पत्नी 'व्यभिचारात राहत असेल' तर तिला पोटगी नाही. झालं, नवऱ्याच्या वकिलाला एवढं पुरतं. लेखी कैफियतीत पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदातच येतं की अर्जदार ही अनैतिक वर्तनाची असून तिचे परपुरुषाशी संबंध आहेत. पुरुषाचं नाव नसतं, दिवस नसतो, काही नसतं. शेजारचा दुकानदार असतो, आतेभाऊ असतो, कधी कधी तर आपल्या संघटनेचा कार्यकर्ता असतो, जो तिला स्टँडवरून आणायला गेला होता! हेतू सिद्ध करण्याचा नसतोच. हेतू असतो तिच्या भावाने ते वाचावं हा. भावाने वाचलं की तो म्हणतो, ताई, जाऊ दे, मागे घे, लोक काय म्हणतील. आणि महिन्याच्या काही हजार रुपयांसाठी चाललेली लढाई तिथेच संपते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा आणि बायकांना सांगा: कायद्यात 'व्यभिचारात राहणं' असं आहे. एखाद्या प्रसंगाचा नुसता आरोप पुरत नाही, तसं सतत राहणं नवऱ्याने सिद्ध करावं लागतं, आणि अनेक उच्च न्यायालयांनी हे स्पष्ट केलेलं आहे.

त्याच कलमातली दुसरी ओळ वाचा. नवऱ्याने दुसरं लग्न केलं असेल किंवा बाई 'ठेवली' असेल तर पत्नीने त्याच्याकडे न राहणं योग्य मानलं जाईल. ही ओळ आपल्या बाजूची आहे, मी तिच्याशी भांडत नाही. पण क्रियापदं पाहा. बाई व्यभिचारात 'राहते', पुरुष बाई 'ठेवतो'. एक चिखलात राहते आणि दुसरा कपाटात वस्तू ठेवतो. 497 कलमाचा पायाच मुळी असा होता. परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, कारण नवऱ्याच्या संमतीशिवाय त्याने ते केलं. संमती असती तर गुन्हा नाही. म्हणजे प्रश्न नीतीचा नव्हताच, मालकीचा होता. 2018 च्या सप्टेंबरमध्ये ते कलम रद्द झालं तेव्हा आता समाजात अनैतिकता माजेल म्हणून कितीतरी लोक चिंतेत पडले होते. बायको ही मालमत्ता धरलेली असताना यांना ही चिंता पडलेली नव्हती.

आणखी एका कायद्याच्या नावातच आपला शब्द आहे. 1956 चा कायदा, 1986 च्या दुरुस्तीनंतर त्याचं नाव 'अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम'. मुली पळवणं, विकणं, डांबून ठेवणं हा गुन्हा आहे, त्याला कडक शिक्षा व्हावी, याबद्दल आपल्यात दुमत नाही. पण या कायद्याने प्रत्यक्ष धरली जाते कोण? रस्त्यावर उभी असलेली बाई. 'खाणाखुणा करून गिऱ्हाईक बोलावणं' या आठव्या कलमात बाईला पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि तोच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. एकाच कृत्याला दोन मापं, अगदी आकड्यांत. सांगलीकडच्या धंदा करणाऱ्या बायकांनी 1996 मध्ये आपली संघटना बांधली तेव्हा नाव घेतलं 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. सरकार म्हणतं अनैतिक, त्या म्हणतात अन्याय. वेश्याव्यवसायाबद्दल आपल्या संघटनांमध्ये मतभेद आहेत, ते इथे मिटणार नाहीत. माझी स्वतःची मतंही पूर्ण ठरलेली आहेत असं नाही. पण नाव ठेवण्याच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे असं मला वाटतं.

डान्सबारचं तर तुम्हाला आठवतच असेल. 2005 मध्ये राज्य सरकारने बारमधल्या नाचावर बंदी आणली. का, तर तरुण पिढी बिघडते, संसार मोडतात, नीतिमत्ता ढासळते. मात्र तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, क्लब-जिमखान्यांना ती बंदी नव्हती! तोच नाच, तीच गाणी. पनवेलच्या बारमध्ये अनैतिक आणि मोठ्या हॉटेलात मनोरंजन. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ही बंदी अवैध ठरवली ती याच भेदभावावर बोट ठेवून आणि बायकांच्या पोटावर पाय येतो म्हणून. मधल्या आठ वर्षांत हजारो बायकांचं काम गेलं. त्या कुठे गेल्या, काय करून जगल्या, याची चिंता नीतीच्या रखवालदारांपैकी कोणाला पडली?

आता जिथे हा शब्द वापरायला हवा होता आणि कोणीच वापरला नाही, तिथे तुम्हाला नेते.

बीड जिल्हा. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला 'कोयता' म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे. माणसाला अवजाराचं नाव! मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगामभर ती फेडायची, एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांत फडावर न्हाणी नाही, संडास नाही, कपडा बदलायला आडोसा नाही. अंगावरून जातं, पोटात दुखतं म्हणून बाई डॉक्टरकडे गेली की तो म्हणतो पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. बाईलाही वाटतं, बरं झालं, खाडे तरी वाचतील. 2019 मध्ये विधिमंडळात हा विषय निघाला, समिती नेमली गेली, पाहणी झाली. 82,000 हून अधिक ऊसतोड बायकांपैकी 13,000 हून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कितीतरी जणी तिशीच्या आत-बाहेरच्या.

त्याच जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 807 मुली होत्या. गर्भलिंगचाचणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, 1988 साली. तरी हे.

या दोन्ही विषयांवर रकानेच्या रकाने छापून आले. 'गैरप्रकार' हा शब्द होता, 'धक्कादायक' होता, 'दुर्दैवी' होता, 'मागास मानसिकता' होती. गरज नसताना सत्तावीस वर्षांच्या बाईची पिशवी काढून बिल घेणाऱ्या डॉक्टरला 'अनैतिक' म्हटलेलं मी तरी वाचलं नाही. त्याच डॉक्टरचं नर्सबरोबर काही असतं तर तो शब्द मथळ्यात आला असता.

म्हणून मी म्हणते की या शब्दाच्या पोटात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक, समाजाने आखलेली रेघ ओलांडणं. दुसरी, नीतीचं भानच नसणं, आपल्यामुळे दुसऱ्याला काय होतंय हे जाणवतच नसणं. इंग्रजीत यांना निराळे शब्द आहेत, 'इम्मॉरल' आणि 'अमॉरल'. आपल्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत 'नीतिबाह्य', 'नीतिनिरपेक्ष' असले शब्द करून ठेवले आहेत, ते पुस्तकातच राहिलेले बरे. वाघ शेळी खातो तेव्हा वाघाला आपण अनैतिक म्हणत नाही, कारण त्याच्याकडून ती अपेक्षाच नाही. पण माणसाकडून आहे. माणूस असून ते भान हरवलेलं असणं, ही खरी भीतीची गोष्ट. आणि रेघ ओलांडणाऱ्या बाईला बहुधा ते भान भरपूर असतं. प्रेमात पडलेली विधवा, नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून दुसऱ्याचा आधार घेणारी बाई, यांच्याइतका रात्रभर जागून बऱ्यावाईटाचा विचार करणारा माणूस शोधून सापडायचा नाही. जिला सगळ्यांत जास्त भान आहे तिलाच आपण अनैतिक म्हणतो.

यासाठी बोलीत शब्द नाहीत असं मुळीच नाही. आपल्या आज्या-मावश्यांनी ते जपून ठेवले आहेत. 'जनाची नाही तर मनाची तरी' असं त्या म्हणत. काय नेमका फरक केलाय बघा! जनाची लाज म्हणजे लोक काय म्हणतील. मनाची लाज म्हणजे आपण आपल्याला काय म्हणू. बाईला सगळा हिशोब जनाचा विचारला जातो. पुरुषाला, विशेषतः पैसेवाल्या पुरुषाला, मनाचाही कोणी विचारत नाही. मग 'चाड नसलेला', 'कोडगा', 'निगरगट्ट', 'उलट्या काळजाचा'. हे शब्द कोणाला लागतात? ज्याच्यावर दुसऱ्याच्या रडण्याचा परिणाम होत नाही त्याला. ते कोणाच्या बिछान्याशी बांधलेले नाहीत.

यांतला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो 'निर्ढावलेला'. कारण तो क्रियापदावरून आला आहे. कोणी निर्ढावलेला जन्माला येत नाही, माणूस निर्ढावत जातो. पहिल्यांदा बायकोवर हात उचलताना हात थोडा कापतो. मग सासू म्हणते, नवरा-बायकोत चालायचंच. शेजारी रेडिओचा आवाज वाढवतात. ठाण्यातले साहेब समजूत घालून परत पाठवतात. पाचव्या वेळी हात कापत नाही. डॉक्टरचंही तसंच, पहिली पिशवी काढताना त्याला काही वाटलं असेल. कोणी विचारलं नाही, परवाना गेला नाही, कार्यक्रमात सत्कार झाला. म्हणजे नीतीचं भान जातं ते एकट्याच्या आतून जात नाही, सगळ्यांच्या गप्प बसण्याने जातं. 'अनैतिक' हा शब्द माणसावर शिक्का मारून मोकळा होतो. 'निर्ढावला' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी निर्ढावू दिलं?

काल संध्याकाळी आपल्यातल्या एक-दोघी तरुण मैत्रिणींनी मला अडवलं. त्यांचं म्हणणं असं की हा नीती-अनीतीचा सगळा बाडबिस्तराच बाहेर फेकू या, तो पितृसत्तेचाच आहे, आपण हक्कांची आणि कायद्याची भाषा बोलू. त्यांची चीड मला समजते. त्या शब्दाचे वळ ज्यांच्या अंगावर आहेत त्यांना तो शब्द नकोसा वाटणारच. पण मी त्यांच्याशी सहमत नाही. ऊसतोड बाईला दंड लावणारा मुकादम कुठलं कलम मोडतो हे शोधायला वकील लागतो. पण तो वाईट वागतो हे तिला आजच माहीत आहे. हे जे तिला माहीत आहे तेच तर आपल्या चळवळीचं भांडवल आहे. 'हा अन्याय आहे' हे वाक्य आधी नीतीचं आहे, मग कायद्याचं. नीतीचं मैदान आपण सोडलं तर तिथे कोण तंबू ठोकेल? व्हॅलेंटाइन डेला बागेत काठ्या घेऊन फिरणारे ठोकतीलच, ठोकलेच आहेत.

मात्र तो वापरायचा तर कृतीला वापरा, माणसाला नको. आणि मोजायचं ते एवढंच की कोणाला इजा झाली, कोणाची फसवणूक झाली, कोणाच्या संमतीशिवाय झालं. दोन सज्ञान माणसं एकमेकांच्या मर्जीने काय करतात हे गॉसिप आहे, नीती नाही. हो, नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले, बायकोला फसवलं, हे अनैतिक आहेच, पण ते फसवणुकीमुळे. आणि बायकोने नवऱ्याला फसवलं तरी त्याच मापाने. हे मान्य करताना आपण कचरू नये. फक्त फसवणूक आणि मारझोड, फसवणूक आणि खून, यांना एका पंगतीत बसवू नये.

आता कामाचं बोलते. जिल्ह्यातल्या सहा-सात केंद्रांचे नोंदणी अर्ज मी मागवून घेतले होते. बहुतेक अर्जांत 'तक्रारीचे स्वरूप' असा रकाना आहे. त्यात मारहाण, हुंडा, दारू, दुसरं लग्न असे पर्याय आहेत, आणि त्यातच 'अनैतिक संबंध' असाही एक आहे. कोणाचे संबंध, तिचे की त्याचे, हे लिहायला जागा नाही. बाईने नवऱ्याचे संबंध सांगितले तरी तिच्या कागदावर खूण होते त्या शब्दापुढे, आणि पुढे हाच कागद वकिलाकडे जातो, कधी कोर्टात मागवला जातो. तिथे 'पतीचे विवाहबाह्य संबंध' असं लिहायला काय हरकत आहे? आणि नवऱ्याने तिच्यावर आळ घेतला असेल तर 'पतीकडून चारित्र्यावर आरोप' असा वेगळा पर्याय हवा, कारण तोही छळच आहे; 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळात तो बसतो. पत्रकारांना देण्याच्या निवेदनातही आपण स्वतः 'चारित्र्याच्या संशयावरून' असं लिहून देतो, मग ते तसंच छापून येतं. त्याऐवजी 'पतीने पत्नीचा खून केला' एवढं लिहून द्या. कर्ता वाक्यात येऊ द्या.

चहानंतर गट पाडायचे आहेत. प्रत्येक गटाकडे दोन-दोन अर्ज आणि गेल्या वर्षातली चार-पाच निवेदनं देते. लाल पेन टेबलावर ठेवली आहेत. दुपारपर्यंत नवा मसुदा झाला तर छापायला आजच देता येईल, छापखाना सहाला बंद होतो.